नानांच्या गाडीचा फ्लॅशर

आमच्या गाडीला पूर्वी हात होते. हे नातवंडांना सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात, आजीचं आता काही खरं नाही अशा नजरेनं. पण होते. दोन दारांच्या मधल्या खांबात दडवलेले, वीतभर लांबीचे पिवळे हात. डावीकडे वळायचं असलं की डावा बाहेर पडायचा, उजवीकडे असलं की उजवा, आणि त्याच्या पोटात एक बारका दिवा लागायचा. मुंबईत ते नीट चालत असतील. आमच्या चौलला खारा वारा. सुपारीच्या वाडीत टांगलेला कोयता चार दिवसांत तांबडा होतो, तिथं या हातांचा काय टिकाव लागणार? डावा एकदा बाहेर पडला की पडलेलाच राहायचा, आणि उजवा बाहेर यायचं नावच घ्यायचा नाही. मग आमचा क्लीनर काशा फूटबोर्डावर उभा राहून डाव्या हाताला गुद्दा घालून आत ढकलायचा आणि गाडीतले उतारू खिदळायचे. नानांना ते सहन व्हायचं नाही. नाना म्हणजे माझे वडील. सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो.

रेवसच्या धक्क्यावर लाँच लागली की तिथले उतारू घ्यायचे आणि अलिबागवरून चौल-रेवदंड्यापर्यंत सोडायचे, असा नानांचा टॅक्सीचा धंदा. गाडी जुनी, विलायती, कुणा डॉक्टरानं वापरून टाकलेली. पण नाना तिला सकाळी फडक्यानं इतका वेळ पुसायचे, की लग्नात मला हळद लावायलासुद्धा कुणी तेवढा वेळ घेतला नसेल, असं आई म्हणायची. त्याआधी नाना लाँचवर इंजिन चालवायला होते. रेवस ते भाऊचा धक्का आणि परत, उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लाँचच्या पोटात, त्या धडधडणाऱ्या लोखंडाच्या शेजारी काढली. त्यातून त्यांना एक विद्या आली होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटायचे. मग ते सांगायचे, अमुक ठिकाणी ढिलं आहे, तमुक घासतंय. भातगिरणीचं इंजिन कुरकुरलं की नानांना बोलावणं, कुणाच्या वाडीतला पंप अडला की नानांना बोलावणं. नानांचा कान म्हणजे कान. आमच्या घरात तर त्यांच्या कानावर देवापेक्षा थोडा जास्तच विश्वास होता.

माझा मोठा भाऊ दत्तू मुंबईला लालबागमध्ये एका गॅरेजात कामाला होता. एका सुट्टीत तो आला आणि त्यानं ते गंजके हात उपटून काढले. त्यांच्या जागी पुढे दोन, मागे दोन असे उघडझाप करणारे दिवे बसवले, आणि डॅशबोर्डच्या खाली एका पट्टीत अॅल्युमिनियमची गोल डबी अडकवली. तो तिला फ्लॅशर म्हणायचा. काशा सरळ डबी म्हणायचा. स्टेअरिंगजवळची कांडी ओढली की ती डबी टिकटिक करायची आणि दिवा लागायचा-विझायचा. त्या वेळी आमच्या वाटेवरच्या दुसऱ्या कुठल्याच टॅक्सीला ते नव्हतं. सगळे हात बाहेर काढून साईड दाखवायचे. दत्तू म्हणाला, "नाना, दिवे पुढं आणि मागं, तुम्ही मधे. तुम्हाला ते दिसायचे नाहीत. समोर एक बारका दिवा लावतात, पण तो मला मिळाला नाही. तेव्हा आवाजावर जा. टिकटिक वाजली की समजा दिवा लागतोय. आणि डबी जपा. आत केसाएवढी तार असते. खाली पडली की मेली." नाना म्हणाले, "आवाजाचं तू मला नको शिकवूस."

आईचं आणि नानांचं तेव्हा फारसं बरं नव्हतं. भांडण नव्हे, भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आई मागच्या पडवीतून हाक मारायची आणि नाना ओटीवर बसून ओ द्यायचे नाहीत. भाकरी तव्यावर असायची, हात पिठात असायचे, ती पुन्हा हाक मारायची, आणि मग तिसऱ्यांदा मारायचीच नाही. "टॅक्सीवाले झालेत ना आता," ती भाकरी थापता थापता म्हणायची, "बायकोला उत्तर द्यायचं म्हणजे कमीपणा." थाप-थाप असा भाकरीचा आवाज मग जरा जोरात यायला लागायचा. मला वाटायचं, खरंच, काय हे नाना, एक हाक ऐकली तर काय बिघडलं. मी आईच्या बाजूची. लेकी असतातच.

आता काशाबद्दल. काशिनाथ त्याचं नाव, खाडीकडच्या आगरी वाडीतला, माझ्या लहानपणापासून गाडीवर. तिशी उलटलेली, घरी बायको-पोरं, आणि तोंड म्हणजे नुसती भात भरडायची गिरणी. त्यानं पाहिलेला मासा होडीपेक्षा मोठा असायचा आणि त्यानं ऐकलेलं भूत त्याच्याशी गप्पा मारून जायचं. त्यामुळे त्याचं खरं बोलणंही कुणी खरं धरायचं नाही. पण कामाला वाघ. डाव्या दाराच्या फूटबोर्डावर उभा राहून तो सगळी वाट हातानं बोलायचा: दारावर हलकी थाप म्हणजे मागून गाडी आली, बाजूला घ्या, जोराची थाप म्हणजे थांबा, आणि नुसता तळवा घासला की चला. सगळ्याच क्लीनरांची ही भाषा. पण नाना त्या थापांवर इतके विसंबून गाडी चालवायचे की काशा पानाची पिचकारी टाकायला जरी वाकला तरी त्यांचा पाय ब्रेककडे जायचा. फ्लॅशरची कांडी ओढली की दिवा लागल्याचंही काशाची थापच सांगायची. हे मला तेव्हाही दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र लागला नव्हता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण रेवसच्या धक्क्यावर ज्यांनी पाहिलं त्यांनी ते नंतर तिखटमीठ लावून चौलपर्यंत पोचवलं. गाडी पासिंगला न्यायची वेळ जवळ आली होती, म्हणून नानांनी काशाला डबीची पट्टी घट्ट करायला सांगितली. पट्टी आवळताना डबी त्याच्या हातातून निसटली आणि धक्क्याच्या दगडावर पडली. त्यानं ती उचलली, शर्टाला पुसली, परत बसवली आणि आपण होऊन नानांना सांगितलं, "पडली होती, पन चांगली हाय." नानांनी कांडी ओढली आणि कान देऊन ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. कांडी दुसरीकडे ओढली. काही नाही. "मेली," नाना म्हणाले. काशा म्हणाला, "वाजतंय की नाना." नाना म्हणाले, "मोडलीस ती मोडलीस, वर खोटं कशाला बोलतोस?" नेमकी त्याच वेळी लाँच लागत होती. तिचं इंजिन, हमालांचा आरडाओरडा, आणि वर एप्रिलचं ऊन, त्यात दिवा लागलाय की विझलाय हेही दिसेना. एका उतारूला विचारलं तर तो म्हणाला, "नाही बुवा वाजत काही. चला आता लवकर." त्यानं ऐकायचा प्रयत्न केला असेल असं मला वाटत नाही. मग काशानं उचलली जीभ लावली टाळ्याला. भर गर्दीत म्हणाला, "डबी वाजतंय. तुमाना आयकू येत न्हाय, त्याला मी काय करू?"

नानांनी त्याच्या मुस्काटात मारली. माझ्या नानांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नव्हता. लाँचवरून उतरलेल्या लोकांत काशाचा सासरा होता, मुंबईचं काम आटपून लेकीकडे पाहुणा म्हणून आलेला, हातात पिशवी आणि पिशवीत नातवंडांसाठी मुंबईची बिस्किटं. त्याच्या देखत नानांनी काशाला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

रात्री जेवताना नानांनी आईला एवढंच सांगितलं की काशानं फ्लॅशर मोडला आणि वर उलट बोलला, म्हणून काढला. आई म्हणाली, "बरंच केलंत, भारी तोंडाळ होता." मीही मान डोलावली. लाँचवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर दत्तूला निरोप गेला की नवा फ्लॅशर घेऊन ये. तो येईपर्यंत नाना क्लीनरशिवाय गाडी चालवत होते, आणि त्या दिवसांत त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं. संध्याकाळी यायचे ते अंग दगडासारखं ताठ करून. मान सारखी मागे वळवून वळवून दुखायची, आई तेल चोळायची. एकदा एसटीचा एक ड्रायव्हर अलिबागच्या स्टँडवर गाडीतून उतरून भांडायला आला. म्हणे पार खिंडीपासून हॉर्न मारतोय, वाट देत नाही, रस्ता काय तुमच्या बापाचा? नानांनी त्याची माफी मागितली. रस्त्यावर कुणाची माफी मागणारे नाना नव्हते. मला ते ऐकून चीड आली, आणि चीड कुणाची आली तर काशाची. तो असता तर हे झालं नसतं, म्हणजे सगळा दोष त्याचाच, असा माझा न्याय.

दत्तू आला त्या दिवशी आईनं वालाचं बिरडं केलं होतं. मोड आलेले वाल सोलत आम्ही दुपारभर ओटीवर बसलो होतो, बोटं चिकट झाली होती. दत्तूनं चहा घेतला, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि दिवे लागायच्या सुमाराला गाडीखाली शिरला. अंगणात उंडीचं झाड होतं, त्याच्या सावलीत तेव्हाच अंधारून आलेलं. तो गॅरेजच्या पद्धतीनं एकेक बघत गेला. फ्यूज बघितला. मागच्या दिव्यांची पत्र्याला जोडलेली अर्थिंगची तार गंजली होती ती खरवडली. मग डबी काढून तिच्याकडे येणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, आणि मला म्हणाला, "सुमा, मागं उभी राहा आणि दिसेल ते सांग." मी मागं गेले. दिवा न लुकलुकता सरळ लागून राहिला. "लागलाय," मी म्हटलं, "विझत नाही." दत्तू खुश झाला. "म्हणजे दिवे ठीक, तारा ठीक. उरला फ्लॅशर." त्यानं खिशातून नवी डबी काढली, कापसातून सोडवली आणि बसवली. जुनी त्यानं तपासलीच नाही. नाना मेली म्हणालेत म्हटल्यावर मेली. आमच्या घरात त्यावर तपासणी होत नसे. आज वाटतं, बाहेरचा कुणी मेकॅनिक असता तर त्यानं आधी जुनी लावून बघितली असती आणि पुढचं सगळं निराळ्या रीतीनं घडलं असतं.

नाना स्टेअरिंगवर बसले. चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, कांडी ओढली. मी मागून ओरडायला लागले, "लागला, गेला, लागला, गेला." मला मजा वाटत होती. झाडाखाली तो पिवळा उजेड कोंबड्यांच्या खुराड्यावर पडत होता आणि कोंबड्या डोळे उघडझाप करत होत्या. नाना म्हणाले, "ही पण मुकीच आहे रे. दुकानदारानं फसवलं तुला." दत्तू हसला. त्याला वाटलं नाना चेष्टा करताहेत. डबी त्याच्या डोक्याशी टिकटिक करत होती. मला ती गाडीच्या मागे उभी राहून ऐकू येत होती. ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आईलाही ऐकू येत असणार, कारण तिचा हात थांबला होता. "आवाज कुठाय?" नानांनी विचारलं. दत्तू पुन्हा डॅशबोर्डखाली वाकला. त्यानं नवी डबी काढली आणि जुनी, धक्क्यावर पडलेली, चेपलेली, तिच्या जागी लावली. तीही वाजली. मी मागून "लागला, गेला" म्हणायचं थांबवलं होतं, तरी दिवा आपला लागत होता आणि जात होता.

नाना आमच्या तोंडांकडे बघत होते. मग त्यांनी वाकून डॅशबोर्डखाली हात घातला आणि ती चेपलेली डबी दोन बोटांत धरली. किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. ती बोटांत उडत असणार, कोंबडीचं पिल्लू मुठीत धरल्यावर त्याची छाती उडते तशी. ऐकू न येणारी टिकटिक त्यांना बोटांना कळत होती. त्यांनी दत्तूला विचारलं, "ही पडलेलीच ना?" दत्तूनं मान हलवली. नानांनी चावी बंद केली, उतरले, विहिरीवर जाऊन पाय धुतले आणि ओटीवर येऊन बसले. आईनं आतून हाक मारली, "पानं घेतलीत." नाना हलले नाहीत. या खेपेला ती बाहेर आली, त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि हातानं जेवायची खूण केली. तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. इतकी वर्षं ती ज्याला गर्व समजून रुसत होती तो गर्व नव्हताच.

जेवताना आम्ही जे केलं ते आठवलं की अजून लाज वाटते. बिरडं झक्क झालं होतं, सोलकढी होती, आणि आम्ही तिघं नानांच्या समोर बसून नानांविषयी बोलत होतो. आवाज चोरून नव्हे, नेहमीच्या आवाजात, जसं तान्ह्या मुलादेखत बोलावं. आई म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. जुना बिघडला होता, नवा बसवला, झालं. बहिरा ड्रायव्हर म्हटल्यावर कोण बसेल गाडीत? लायसन काढून घेतील. घर कशावर चालायचं?" दत्तू म्हणाला, "दुसरा क्लीनर शोधू. थापा मारणारा कुणीही चालेल." मी विचारलं, "आणि काशा?" आई म्हणाली, "काशाचं काय? त्याच्यावर कोण विश्वास ठेवतंय." आणि मला हायसं वाटलं. हे मला लिहायलाच हवं, की मला हायसं वाटलं. मला पुढं शिकायचं होतं, पुण्याला जायचं होतं, आणि ते सगळं त्या गाडीच्या चार चाकांवर उभं होतं. नवी डबी बसली होती. जगाला पटेल असं खोटं आयतं तयार होतं. फक्त एका काशानं खोटारडा राहायचं होतं, आणि तो तर आधीपासूनच होता. नानांनी पानावरून मान वर केली. "माझ्याविषयी बोलताय ना?" ते म्हणाले. "मग जरा मोठ्यानं बोला."

परवा माझ्या नातीनं मला सांगितलं की इंजिनाजवळ आयुष्य काढलेल्या माणसाचे आधी बारीक आवाज जातात, जाडे राहतात. म्हणून गिरणीचं इंजिन ऐकू यायचं, समोर बसून बोलणारा माणूस तोंडावरून कळायचा, आणि आईची आतली हाक आणि ती टिकटिक जायची. किती सोपं. तेव्हा हे आम्हाला कोण सांगणार? गाडी पुढं त्याच वर्षी विकली गेली, नाना वाडीतलं पाणी शिंपणं आणि सुपाऱ्या बघायला लागले, आणि मी पुण्याला गेले ती मामाच्या जिवावर. पण हे नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि मला म्हणाले, "सुमा, चल. काशाकडे जायचंय. तो काय बोलतो ते मला सांगशील." आई दारात आडवी उभी राहिली. हातवारे करून, मोठ्यानं, जे तिला म्हणायचं होतं ते सगळं म्हणाली. नाना म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे." आणि तिच्या बाजूनं निघून गेले. गाडी त्यांनी काढली नाही. आम्ही खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून चालत गेलो.

काशाच्या अंगणात सुकट वाळत घातली होती आणि त्याची बायको हिरा बोंबील साफ करत बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. काशा घरातून बाहेर आला, त्यानं बाज पुढं ओढली, "बसा नाना," म्हणाला आणि स्वतः खांबाला टेकून उभा राहिला. एवढा बोलका माणूस, पण पुढं काही बोलेना. बोलली ती हिरा, बोंबलाच्या पोटात सुरी घालता घालता, वर न बघता. "माझ्या बापाच्या म्होरं मारलंत याला. माझा बाप बिस्कुटां घेऊन आलता. जेवला न्हाय माझ्या घरात, परत गेला. आता गावात सांगत फिरतंय, जावई मालकाची वस्तू मोडतो आनि खोटं बोलतो." नानांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते ती?"

 मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बसा म्हणते. चहा टाकते म्हणते." नानांनी हिराकडे बघितलं, तिच्या सुरीकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "ती चहाचं बोलत नाहीये." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा काशा खांबापासून सुटला. नानांच्या समोर उकिडवा बसला, त्यांच्या डोळ्यांना डोळे लावले आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून त्यानं सांगितलं, "सासऱ्याच्या समोर मारलंत." किती सहज केलं त्यानं ते. वर्षानुवर्षं तो गाडीत त्यांच्याशी असाच बोलत असणार, आणि आम्ही घरातली माणसं त्यांच्या पाठीला हाका मारत होतो.

नाना बाजेवरून उठले. त्यांनी हात जोडले, आधी काशाला आणि मग हिराला. "डबी चांगली आहे," ते म्हणाले. "ती मोडलीच नव्हती. माझे कान गेलेत. तू खरं बोललास आणि मी तुला मारलं. तुझ्या सासऱ्याच्या गावी जाऊन मी हे त्यांना सांगून येतो." हे ते बोलले कसे, तर लाँचच्या इंजिनखोलीतून वरच्या तांडेलाला हाळी द्यावी तसे. शेजारच्या अंगणात जाळं तुणणारा म्हातारा उभा राहिला. विहिरीवरच्या बायका कळशा तशाच ठेवून बघायला लागल्या. पलीकडच्या घरातून कुणी तरी दुसऱ्या कुणाला हाक मारून बाहेर बोलावलं. सगळी वाडी ऐकत होती, आणि मी खाली मान घालून एकच विचार करत होते, की संपलं, आता दुपारपर्यंत रेवसला कळेल, संध्याकाळी अलिबागला. काशा काय म्हणाला ते मला नीट ऐकूही आलं नाही. त्यानं नानांचे जोडलेले हात धरून खाली केले, एवढं दिसलं. हिरा सुरी ठेवून आत गेली, आणि मग खरंच चहा आला, गुळाचा.

परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. नाना पुढं, मी मागं. बांधाच्या मध्यावर ते थांबले आणि वळून म्हणाले, "सुमा, हल्ली मला माझाच आवाज लागत नाही. मी फार हळू बोललो का गं?" त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा पडलेला होता. मला वाटलं, लोकांत शोभा झाली या धास्तीनं विचारताहेत. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही. मी त्यांच्या समोर जाऊन, काशा बोलला तशी तोंड मोठं करून म्हटलं, "हळूच बोललात. कुणाला ऐकू गेलं नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

 नानांनी टोपी नीट केली आणि मला ओलांडून उलट वाटेला लागले. मी धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. "सगळ्या धक्क्यासमोर मारलं त्याला," ते म्हणाले, "आणि माफी काय कुजबुजत मागायची? परत सांगून येतो, जरा मोठ्यानं." मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "नाना, ऐकलं हो. सगळ्यांनी ऐकलं. विहिरीवरच्या बायकांनीसुद्धा ऐकलं." नानांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मघाशी हिराच्या तोंडाकडे बघितलं होतं तसंच. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा. त्यांनी माझा हात हळूच सोडवला, माझ्या डोक्यावर एक थाप मारली आणि वाडीकडे चालायला लागले.

मी बांधावरच थांबले. तिथपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता.